सिंधुबाईंनी तळ्यात नदी घेतली

सिंधुबाई लग्न होऊन सायखेड्याला आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात अजून कळवणकडचं 'शे' होतं. "पानी तपेल शे," असं त्या न्हाणीतून म्हणाल्या की दोन्ही नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षभरात 'शे' जाऊन 'हाय' आलं. रागाला आल्या किंवा फार घाईत असल्या, की मात्र अजूनही माहेरची भाषा मध्येच डोकं वर काढते.

त्यांचे वडील गावच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावर, पाटकरी होते. बंधाऱ्यावरून निघालेला पाट गावाच्या सगळ्या वावरांतून फिरायचा. कोणाचं भिजवून झालं, कोणाची पाळी आली, पाटाचं कुठलं तोंड, म्हणजे बारं, फोडायचं, कुठलं बुजायचं, हे सगळं त्यांच्या हातात. सिंधुबाई लहानपणी त्यांची भाकरी घेऊन जायच्या आणि ते जेवेपर्यंत पाटाच्या कडेला बसून राहायच्या. वडील फार बोलणारे नव्हते. पण पाटातलं पाणी जिथे उंचावरून वावरात पडायचं तिथे ते न चुकता दोन चपटे दगड आणि निरगुडीच्या फांद्या टाकायचे. नाही टाकल्या तर दुपारपर्यंत तिथे खड्डा पडायचा आणि संध्याकाळपर्यंत पाटाचा काठच खचायचा. सिंधुबाईंनी तो काठ खचताना कितीदा पाहिला होता. एकदा माती सुटायला लागली की माणसाने धावत जाऊनही काही उपयोग होत नसे.

सासरची जमीन गोदावरीच्या काठाला. वरचं वावर चांगलं होतं, कांदा-गहू व्हायचा. खालचा तुकडा मात्र चिबड. पावसाळ्यात पाणी साचून राही आणि पीक पिवळं पडे. सासऱ्यांनी कधीकाळी तिथली माती वीटभट्टीला दिली होती, त्याचा मोठा खड्डा राहिला होता. रावजींना, म्हणजे सिंधुबाईंच्या यजमानांना, लहानपणापासून गळ टाकून बसायचा नाद. मुलगा हर्षल ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चिकटला, त्याचं लग्न झालं, आणि मग रावजींनी तो खड्डा मनावर घेतला. चारी बाजूंनी भराव घातला, नदीच्या अंगाला एका कोपऱ्यात दगडी सांडवा बांधला, रोहू-कटला-मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. पहिली दोन-तीन वर्षं मासे बाजारात दिले. मग नाशिकची काही हौशी मंडळी विचारत आली, की काका, रविवारी इथे गळ टाकून बसलो तर चालेल का? रावजींना काय, स्वतःच्याच जातीची माणसं भेटली. त्यांनी काठावर गवती झाप उभारले, बाभळीखाली बाकडी टाकली, आणि सायखेड्याच्या त्या चिबड तुकड्यावर रविवारी गाड्या लागायला लागल्या.

सिंधुबाईंच्या माहेरी घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की तळं करा, मासे पाळा, माझी हरकत नाही, पण माझ्या चुलीवर मासा चढणार नाही. त्याप्रमाणे माशांसाठी मागे वेगळी चूल झाली, वेगळी भांडी झाली, आणि ते खातं सून निकिताने सांभाळलं. सिंधुबाई पिठलं-भाकरी, शेवेची भाजी आणि ठेचा करायच्या. बरेच जण मासे धरायला येत आणि पिठलं खाऊन जात.

पाण्याचं काम सुरुवातीला सगळं रावजींचं. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर लावून तळ्यात पाणी सोडायचं, पाटाला आवर्तन आलं की तेही घ्यायचं, पावसाळ्यात वरच्या वावरातून आलेलं पाणी जास्त झालं की काढून द्यायचं. काढायची सोय साधी होती. भरावाच्या पोटातून एक जाड पाइप बाहेर नेलेला, आणि आतल्या तोंडाला कोपरा लावून दुसरा पाइप उभा केलेला. उभ्या पाइपाचं तोंड जेवढं उंच, तेवढं पाणी तळ्यात राहणार. पाइप थोडा कलता केला की तेवढं पाणी निघून जायचं. सांडवा होता तो अडचणीच्या वेळेसाठी. त्याला दगडी खाचा होत्या, आणि त्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या.

रावजींना तळं काठोकाठ लागायचं. पाणी जरा खाली गेलं की त्यांना करमत नसे.

"लोकं भरलेलं तळं बघायला येत्यात," ते म्हणायचे. "खाली चिखल दिसला तर कोण बसंल?"

"पण वरून एक सर आली तर ते पाणी कुठं जाईल?" सिंधुबाई विचारायच्या.

"सांडवा हाय की."

"सांडव्याला पाला अडकला मंग?"

"मंग काढू पाला. तू लय भिती."

एका एप्रिलमध्ये आभाळ आलं, दिवसभर ऊन नाही, वारा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सिंधुबाई शेणाची पाटी घेऊन निघाल्या तर तळ्यात सगळीकडे माशांची तोंडं. पाण्याच्या वर ओठ काढून मासे नुसते हवा पीत होते. त्यांनी पाटी तिथेच टाकली आणि मोटर चालू केली. पाण्याचा पाइप तळ्यात बुडवायच्या ऐवजी त्यांनी तो बाभळीच्या फांदीला बांधून उंच धरला, म्हणजे पाणी वरून फुटून पडावं. रावजी उठून येईपर्यंत त्या कोपऱ्यात माशांची दाटी झाली होती. काही मेले, पण बहुतेक वाचले. रावजींनी बाभळीला बांधलेला पाइप पाहिला. त्यानंतर पाइप उभा-आडवा करायचं काम हळूहळू सिंधुबाईंकडे आलं. कोणी कोणाला दिलं नाही. सकाळी उठून पहिली तळ्यावर जाते ती बाई, म्हणून तिच्याकडे आलं. रावजींचे गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते, आणि भरावाचा चढ त्यांना जड जात होता.

गुडघ्याची वाटी बदलायची असं ठरलं ते गेल्या ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, शेतातली कामंही जरा उरकलेली, म्हणून तीच तारीख घेतली. हर्षल रजा टाकून वडिलांबरोबर नाशिकच्या दवाखान्यात राहिला. जाताना रावजींनी गाडीतूनच सांगितलं, "पाणी कमी करू नको. इतक्यात पाऊस नाय." सिंधुबाईंनी मान हलवली, आणि गाडी वळणाआड गेल्यावर तळ्यावर जाऊन पाइप हातभर कलता केला.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी रावजी वॉकर धरून उभे राहिले, हर्षलने त्याचा फोटो पाठवला, निकिताने तो सासूला मोठा करून दाखवला. सायखेड्यात त्या दिवशी नुसती बुरबुर होती. पाऊस होता तो वर, त्र्यंबकच्या डोंगरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीमाधव काकांचा फोन आला. हे काका पंचवटीतले, क्षेत्रोपाध्यांच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. दर रविवारी कणकेच्या गोळ्या स्वतः मळून आणायचे, गळाला मासा लागला की हातात घेऊन नीट बघायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. घरी सांगून यायचे, की मित्राच्या मळ्यावर जातो.

"सिंधुताई, मी आत्ता घाटावरून येतोय," ते म्हणाले. "दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. धरणातून अजून सोडणार आहेत."

"काका, तुमचं घर?"

"आम्ही उंचावर आहोत. तुमच्याकडे हे पाणी दुपारनंतर पोचेल. तळ्याचं काय ते बघा. आणि जनावरं आधी वर न्या."

सिंधुबाईंनी फोन ठेवला. त्यांना भीती वाटली का, असं नंतर निकिताने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटली ना. पण तेव्हा वाटून घ्यायला सवड नव्हती."

शेजारचे मल्हारी, रावजींचे चुलतभाऊ, ट्रॅक्टर घेऊन आले. गाई वरच्या वस्तीवर नेल्या. विहिरीवरची मोटर काढली, बाभळीखालची बाकडी उचलली. नदी तोवर पात्रातच होती, पण तिचा रंग बदलला होता आणि पाणवेलींचे हिरवे तुकडे होडीसारखे सरसर खाली चालले होते. मग सिंधुबाईंनी दवाखान्यात फोन लावला. हर्षलने उचलला आणि आधी म्हणाला, की अण्णांना आत्ता नको सांगायला. पण रावजींनी पलंगावरूनच हात पुढे केला असणार, कारण लगेच त्यांचाच आवाज आला.

"किती हाय पाणी?"

"अजून पात्रात हाय. दुपारच्याला चढंल म्हणत्यात."

"मंग पाइप समदा आडवा पाड. तळं खाली कर. लागतील त्या फळ्या काढ. आत जागा झाली पाह्यजे."

सिंधुबाई भरावावर उभ्या होत्या. एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला नदी.

"जागा कशाला?" त्या म्हणाल्या. "पाणी आभाळातून नाय येणार, नदीतून येणार हाय. ते भरावाच्या वरून आलं आन् आत तळं रितं असलं, तर एवढ्या उंचावरून धबधबा पडंल. माती कापत जाईल. भराव ऱ्हाणार नाय."

"मंग तू काय म्हणती?"

"पाइप उभा करते, तळं भरलेलंच ठेवते. नदी सांडव्याला लागली की फळ्या काढून तिथूनच तिला आत घेते. तिथं दगड हाय, ते कापलं जाणार नाय. आत-बाहेर पाणी सारखं झालं की मंग भरावावरून गेलं तरी जाऊ दे."

मग रावजी म्हणाले, "आन् मासे?"

"जातील."

"किती?"

"ते मला कसं सांगता येईल?"

"मी तिथं असतो तर खाली केलं असतं," रावजी म्हणाले.

"पन तुम्ही आठे नही शेत," सिंधुबाई एकदम बोलून गेल्या, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की आवाज चढला. रावजी मात्र रागावले नाहीत.

"नाय मी तिथं," ते सावकाश म्हणाले. "तुला दिसतंय, मला नाय दिसत. तू कर तुला पटतंय ते. फक्त कळवत ऱ्हा. आन् तू सांडव्यात उतरू नको. मल्हारीला सांग."

सिंधुबाईंनी फोन कमरेला खोचला आणि आपणच कलता केलेला पाइप पुन्हा ताठ उभा केला. तळं काठोकाठ नको म्हणून नवऱ्याशी इतकी वर्षं भांडलो, आणि आज नेमकं आपल्याला ते काठोकाठ हवं आहे, हे मनात येऊन त्यांना जरा हसूही आलं.

मल्हारींना हे सगळं पटायला वेळ लागला. ते म्हणाले, "वहिनी, उलटी गोष्ट करता तुम्ही. लोकं नदी बाहेर ठेवायला बघत्यात." पण बोलता बोलता त्यांनी मातीच्या गोण्या भरायला घेतल्या. त्या गोण्या सांडव्याच्या आतल्या तोंडाशी पायरीसारख्या रचल्या, म्हणजे येणारं पाणी मातीवर न पडता गोण्यांवर पडेल. निकिताने कांद्याच्या चाळीची जुनी जाळी आणि मासे धरायचं मोठं जाळं एकत्र शिवून सांडव्यावर आडवं बांधलं. पाणी आत यावं, मासे बाहेर जाऊ नयेत, असा बेत होता.

दुपार कलली तेव्हा नदी सांडव्याला लागली. मल्हारींनी वरची फळी काढली. पाण्याची एक जाड गढूळ जीभ आत आली, गोण्यांवरून घसरत गेली आणि तळ्याच्या हिरवट पाण्यात तांबडा पट्टा पसरला. थोड्या वेळाने दुसरी फळी, मग तिसरी. सिंधुबाई भरावावरून फिरत होत्या. आत किती, बाहेर किती, एवढंच बघत होत्या. तळं फुगत होतं आणि नदीही. दोन्हींमधलं अंतर हाताएवढं झालं, मग वितीएवढं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग पाणवेली आल्या. आधी थोड्या आल्या, मल्हारींनी बांबूने ढकलून दिल्या. मग मोठे ताटवे आले, मुळांसकट, त्यांत बाटल्या, चपला, झेंडूच्या माळा. एकामागून एक येऊन ते जाळ्यावर बसले. मल्हारी एका बाजूने, निकिता दुसऱ्या बाजूने बांबू लावत होते, पण एक ताटवा सुटेपर्यंत दोन येऊन बसत. जाळं ढेरीसारखं आत फुगलं. ज्या वाशांना ते बांधलं होतं ते वासे कलायला लागले. आणि सांडव्यातून येणारं पाणी कमी झालं. बाहेर नदी चढतच होती, आत तळं तिथेच थांबलं होतं. वितीचं अंतर पुन्हा हाताएवढं झालं.

"आई, जाळं काढलं तर मासे जातील सगळे," निकिता म्हणाली. तिच्या चुलीचं खातं होतं ते. बोटुकली तिनेच दोन महिन्यांपूर्वी पिशव्यांतून हळूहळू पाण्यात सोडली होती.

"जाऊ दे," सिंधुबाई म्हणाल्या. "भराव असला तर मासे पुन्हा आणता येतील."

"मी कापतो," मल्हारी म्हणाले.

"नको भाऊजी. तुम्ही मला धरा."

मल्हारींनी त्यांचा एक हात मनगटाशी घट्ट धरला. सिंधुबाई काठावर ओणवल्या आणि दुसऱ्या हातातला विळा त्यांनी जाळ्याच्या दोरावर चालवला. पहिला दोर तुटला तसं जाळं एका अंगाला झुकलं. दुसरा त्यांना पुरता कापावाच लागला नाही, ताणानेच गेला. पाणवेलींचा सगळा ढीग जाळ्यासकट तळ्यात आला, फिरला आणि मधोमध जाऊन थांबला. सांडवा मोकळा झाला. त्यांनी रावजींना फोन केला आणि जाळं कापलं एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं. आता वर जा तुम्ही समदे."

वरच्या वस्तीवरून त्यांनी पाहिलं. दिवस मावळायच्या आधी नदी भरावावर आली, पण आवाज झाला नाही. कुठे धबधबा नाही, कुठे भोवरा नाही. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं आणि भराव त्याखाली दिसेनासा झाला. नुसती बाभळ आणि झापांचे शेंडे वर राहिले. निकिताने चहा केला. सिंधुबाईंनी तो दोनदा घेतला. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, हे त्या स्वतःही नवल म्हणून सांगतात.

उजाडता उजाडता त्या खाली गेल्या तर पाणी उतरायला लागलं होतं. भराव म्हशीच्या पाठीसारखा काळा, ओला वर आला होता. आता घाई करायची ती उलट्या बाजूने. नदी तशीच उतरू दिली तर तिच्यामागोमाग तळंही सांडव्यातून निघून गेलं असतं. मल्हारींनी आणि त्यांनी मिळून फळ्या पुन्हा खाचांत घातल्या, एकावर एक. सगळं सुखरूप राहिलं असं मात्र नव्हतं. तळ्याच्या एका अंगाने ओढा जातो, त्या बाजूला खेकड्यांनी बिळं केली होती, तिथला भरावाचा एक तुकडा बसला होता. तिथे गोण्या लावून कसंबसं धरलं. तळ्यात निम्म्याहून अधिक पाणवेल होती. झाप लोळलेले. बाकड्यांपैकी एक उचलायचं राहून गेलं होतं, ते बाभळीत अडकलेलं होतं. पण भराव उभा होता आणि तळ्यात पाणी होतं.

पाणवेल काढायला पंधरवडा गेला. तोवर रावजी वॉकर घेऊन घरी आले. गाडीतून उतरल्यावर घरात न जाता ते आधी तळ्याकडे वळले. चढ चढवेना म्हणून हर्षलने खुर्ची आणून खालीच ठेवली. रावजी बराच वेळ नदीच्या बाजूचा भराव बघत राहिले, जिथे गवत एका दिशेला आडवं झोपलं होतं.

"एवढ्या वरून गेलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याबी वरून," मल्हारी म्हणाले.

रावजींनी मान हलवली. "मी खाली केलं असतं तर हे ऱ्हायलं नसतं," ते म्हणाले. बायकोला नाही, मुलाला म्हणाले. पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. सिंधुबाईंनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली आणि पाय वर ठेवायला डॉक्टरने सांगितलंय, तो वर ठेवा, एवढंच म्हटलं.

मग मासे किती राहिले ते बघायचं होतं. मल्हारींनी काठावरून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, फेकला. पहिल्यांदा नुसती मुळं आली. दुसऱ्यांदा काही नाही. निकिता तोंड फिरवून उभी राहिली. तिसऱ्यांदा पाग जड आला आणि त्यात दोन कटले होते, जुने, ओळखीचे. मोठी धेंडं तळाशी दबून राहिली होती. बोटुकली बहुतेक गेली होती. पण त्याच पागात आणखी काहीतरी वळवळत होतं. मल्हारींनी ते मोकळं केलं तर सापासारखी लांब वाम. पुढच्या पागात मिशा असलेली शिंगटी, आणि मग अंगावर काळे पट्टे असलेला एक मरळ, पुऱ्या हाताएवढा.

"हे कुठून आलं?" निकिताने विचारलं.

"नदीनं दिलं," रावजी खुर्चीतून म्हणाले. ते इतके पुढे वाकले होते की हर्षलने खुर्ची मागून धरून ठेवली. "अगं, मरळ. ह्या तळ्यात मरळ."

मरळ लहान मासे खातो, त्यामुळे हा पाहुणा म्हणजे निव्वळ लाभ नव्हता. पण बातमी नाशिकला पोचली. दसऱ्यानंतर रविवारी गाड्या लागल्या त्या आधीपेक्षा जास्त. आधी काय लागणार ते माहीत असायचं, रोहू नाहीतर कटला. आता गळ हलला की काठावरचे सगळे उठून बघायला यायचे. वेणीमाधव काकांच्या गळाला एकदा वाम लागली. त्यांनी तोपर्यंत वाम हातात धरलेली नव्हती. ती त्यांच्या मनगटाला वेढा घालून बसली आणि काका हात लांब धरून सगळ्या काठावरून फिरले, कोणीतरी सोडवा म्हणून. निकिताने सोडवली. काकांनी नेहमीप्रमाणे तिला पाण्यात सोडली आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पाण्याबद्दलचं भांडण मिटलं असं नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत तळं हातभर कमी ठेवायचं, हे रावजींनी मान्य केलं. मात्र दसरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत भरावावर गेले आणि म्हणाले, "आता भर." सिंधुबाई म्हणाल्या, परतीचा पाऊस जाऊ द्या. ते म्हणाले, गेला. त्या म्हणाल्या, नाय गेला. दोघं तिथे उभं राहून आभाळाकडे बघत राहिले. शेवटी पाइप अर्धा उभा झाला. पाऊस काही आला नाही, आणि रावजींनी ते बरेच दिवस ऐकवलं.

हिवाळ्यात नदीकडचा सांडवा रुंद करून घेतला, ओढ्याकडच्या बाजूला दगड लावले. नवीन बोटुकली आणली, पण या वेळी ती थेट तळ्यात सोडली नाही. एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण करून त्यात वाढवली. मरळच्या तोंडाएवढी राहू नयेत म्हणून निकिताने काढलेली ही युक्ती. सिंधुबाईंनी त्या कोपऱ्यात विहिरीचा पाइप बांधून दिला. त्या अजूनही मासा खात नाहीत, आणि हात लावायची वेळ आली तर पदरानेच धरतात. पण सकाळी बोटुकलीला कोंडा टाकायला निकिताच्या आधी त्याच जातात.

यंदाच्या पावसाळ्यात नदी काठाबाहेर आलीच नाही. सिंधुबाई निवांत होत्या. वेणीमाधव काका मात्र गणपतीनंतरच्या रविवारी गळ टाकून बसले आणि जरा नाराजीने म्हणाले, "सिंधुताई, यंदा काही नवीन नाही का आलं?"

"काका, नदीला सांगा," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पण मला आधी फोन करून मंगच पाठवा."

काठावर रावजी मोठ्याने हसले. दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, बाभळीखाली बाकडी भरलेली होती, आणि तव्यावरची भाकरी फुगत होती.